मोजणीचा रविवार

१७ सप्टेंबर २००६, रविवार
नेकारसुल्म

आज मंडळाच्या बैठकीत ‘आईबाबांचं काय करायचं’ हा विषय निघाला आणि मी हात वर केला.

इथल्या आणि आसपासच्या चौदा मराठी घरांपैकी नऊ घरांत सध्या गावाकडून आईवडील आलेले आहेत, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. त्यांना गाड्यांचं म्युझियम दोनदा आणि फर्निचरचं मोठं दुकान चारदा दाखवून झालं आहे. मी म्हटलं, बसने पाऊण तासावर, टेकडीवर ग्राफेनवाइल नावाचं मध्ययुगीन गाव आहे. साडेचारशे वस्ती आणि चार ऐतिहासिक चर्च. सगळ्यात जुनं तेराव्या शतकातलं. आपली माणसं युरोपात येतात आणि चॉकलेटं घेऊन परत जातात. त्यांना कमानी, भित्तिचित्रं, रंगीत काचा कुणीतरी समजावून सांगायला हव्यात. जरा जास्तच बोलले असं नंतर वाटलं.

मंडळाचे अध्यक्ष श्रीपाददादा म्हणाले, “उत्तम. मग दर रविवारी नेत जा.”

माझ्या डोक्यात एकच रविवार होता. पण तोवर सगळ्या सुनांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ज्येष्ठांच्या सांस्कृतिक गरजांची त्यांना इतकी जाणीव असेल असं मला वाटलं नव्हतं.

इचलकरंजीला फोन केला. आई मागासाठी सुताच्या कांड्या भरून नुकतीच उठली होती. म्हणाली, “म्हाताऱ्या माणसांना घेऊन डोंगर चढणार व्हय?” मी म्हटलं, आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, शिकलेलं वाटायला नको का. आई म्हणाली, “वाट की. जेवलीस का?”

२४ सप्टेंबर, रविवार

एकोणीस जण आले. मी बारा पानांची टिपणं तयार करून प्रत्येकासाठी झेरॉक्स काढली होती. श्रीपाददादांचे वडील प्रतापकाका साताऱ्याच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी बस सुटण्यापूर्वी डोकी मोजली, उतरल्यावर पुन्हा मोजली आणि मला म्हणाले, “पोरी, तू फक्त इतिहास बघ.”

पहिल्या चर्चच्या दारावरची अर्धगोल कमान मी समजावून सांगत होते. वळून पाहिलं तर पायरीवर एकोणीस जोड्या बूट ओळीने मांडलेले आणि माणूस एकही नाही. सगळे मोजे घालून ओल्या फरशीवरून चर्चला प्रदक्षिणा घालत होते. मी टिपणं घेऊन मागे धावले. दुसरं चर्च एका बाजूने शेजारच्या धान्याच्या कोठाराला चिकटलेलं आहे, पुढे वाट नाही. काका थांबले, भिंत नीट पाहिली आणि म्हणाले, “शंकराचं असणार. अर्धीच प्रदक्षिणा.” सगळे आल्या वाटेने परत फिरले. मी सांगितलं की हे संत निकोलसचं आहे. “असेल,” काका म्हणाले.

चौथं, टेकडीच्या टोकावरचं, संत ओटिलियाचं. सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुनं. तिथे मात्र सगळे शांत बसले ते दोन तास उठलेच नाहीत. तिथल्या बाकांच्या खाली विजेची ऊब देणाऱ्या नळ्या आहेत. पण मला वाटतं भित्तिचित्रांचा साधेपणा त्यांना भिडला असावा. मी टिपणांतलं सातवं पान वाचून दाखवलं. काकांच्या पत्नी मनोरमाकाकूंनी आठव्या पानावर चिवडा काढला.

१ ऑक्टोबर, रविवार

आज ठरवलं होतं की बरोक शैलीचं तिसरं चर्च तपशिलात पाहायचं. बसमध्येच मतदान झालं. एकोणीस विरुद्ध एक. ओटिलिया.

तिथे माझ्याकडून एक चूक झाली. संत ओटिलियाच्या मूर्तीच्या हातात पुस्तक असतं आणि पुस्तकावर दोन डोळे. ती जन्मांध होती, नंतर तिला दृष्टी आली, असं मी सांगितलं. एकोणीसपैकी अकरा जणांना मोतीबिंदू आहे. पुढच्या पाच मिनिटांत तीन नवस बोलले गेले. शोभनामावशींनी मूर्तीपुढे काकडी ठेवली, कारण डोळ्यांना थंड असते.

चर्चची देखभाल करणाऱ्या फ्राऊ श्पेट हे सगळं दारातून बघत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, निळा ॲप्रन, कमरेला किल्ल्या. मी माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, “काकडी कापून हवी आहे का?”

परत येताना काकूंना विचारलं, तुम्हाला तिथे नेमकं काय आवडतं? मला वाटलं, काचांतून येणारा प्रकाश म्हणतील. त्या म्हणाल्या, “अगं, घरी रविवारी आवाज करायचा नाही. मिक्सर नाही, खलबत्ता नाही, पूजेची घंटासुद्धा रुमालात धरून. परवा हे शिंकले तर खालच्या बाईने छताला काठी लावली. इथे बोललं की आवाज वर जातो आणि गोड होऊन परत येतो.” म्हणजे ध्वनिशास्त्र. टिपणांत तो मुद्दा राहून गेला होता. आता घातला.

८ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे.

ओटिलियाच्या दारात आत शिरताना डाव्या हाताला एक दोरी लोंबते. आत्तापर्यंत ती हुकाला गुंडाळलेली असायची. आज ती सुटलेली होती. प्रतापकाकांनी आत पाऊल टाकलं, दोरी हाताला लागली, आणि देवळात शिरताना कुणीही करेल तेच त्यांनी केलं. एकदाच, अगदी हळू.

ती घंटा गावात कुणी गेलं तरच वाजते.

दहा मिनिटांत लोक टेकडी चढून यायला लागले. काठ्या टेकत, एकमेकांना धरत, काही जण घरातल्या चपलांवर. सगळे सत्तरीच्या पुढचे. प्रत्येक जण आधी बाकीच्यांचे चेहरे बघत होता, कोण कमी आहे ते. मग सगळ्यांनी आमच्या लोकांकडे पाहिलं, तर हे सगळे जिवंत. फ्राऊ श्पेटनी गर्दी पाहून कॉफी ठेवली. अर्ध्या तासात चाळीस जर्मन आणि एकोणीस मराठी माणसं कपबश्या घेऊन उभी होती आणि कोण गेलं हा प्रश्न मागे पडला. काकू एका आजींना गुडघे कसे चोळावेत हे स्वतःच्या गुडघ्यावर दाखवत होत्या.

एवढ्यात फादर सबास्टियन गाडी घेऊन धापा टाकत आले. मरणासन्न माणसाला लावायच्या तेलाची बाटली हातात. ते केरळचे, अकरा वर्षं इथे आहेत, सहा गावं त्यांच्याकडे. अनवाणी उभी भारतीय माणसं पाहून ते दारातच थबकले. गावकऱ्यांना सगळा उलगडा झाला. एक आजोबा त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “हेर फार्रर (इथे फादरना असंच म्हणतात), अखेर तुमच्या घरचे आले.”

फादर म्हणाले, ही माणसं महाराष्ट्रातली, मी केरळचा, मधे बाराशे किलोमीटर आहेत.

“जा, जा,” म्हणजे हो, हो, आजोबा म्हणाले. “आणि आई कोणती यातली?”

मी काकांना नंतर घंटेबद्दल समजावलं. त्यांचं म्हणणं: “वाजवायची नव्हती तर दोरी हाताला येईल अशी कशाला टांगली?”

२२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. सगळ्यांनी फ्राऊ श्पेटसाठी फराळ नेला. त्यांनी चकली मोडली नाही, प्रकाशात धरून सगळीकडून पाहिली. मग ॲप्रनच्या खिशातून एक पत्र काढून मला दिलं. म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, वाचून सांग, मी बरोबर समजले आहे का.

त्या बरोबर समजल्या होत्या. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि मार्चच्या सुमारास, प्रत्येक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, किती माणसं आहेत ती मोजतात. मागच्या नोव्हेंबरात इथे अकरा भरली. यंदा १२ नोव्हेंबरला तीसच्या आत भरली तर ओटिलियाचं चर्च नाताळाआधी बंद. कुलूप, वीज बंद, किल्ल्या धर्मप्रांताच्या वरच्या कचेरीत जमा. इमारत ऐतिहासिक असल्याने पाडणार नाहीत. बाहेरून बघता येईल.

फ्राऊ श्पेट चव्वेचाळीस वर्षं या किल्ल्या सांभाळत आहेत. नवरा वारल्याच्या दिवशीसुद्धा त्यांनी आधी दार उघडलं आणि मग स्वतःच घंटा वाजवली, हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

“गावातले लोक येणार नाहीत का?” मी विचारलं.

“घंटा वाजली तर येतात,” त्या म्हणाल्या.

२५ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस हेच डोक्यात. ऑफिसात एका भागाचं माप दोनदा चुकीचं भरलं.

आमचे एकोणीस जण येऊन बसले तर आकडा होतो. पण हे खरं आहे का? मोजणी म्हणजे सत्य हवं. माझं रोजचं कामच मोजण्याचं आहे. चुकीचा भाग योग्य पेटीत टाकला तर पुढे कुणाची तरी गाडी बंद पडते.

मोजणीचे नियम मागवून डिक्शनरी घेऊन वाचले. त्यात लिहिलं आहे की उपस्थित असलेली सर्व माणसं मोजायची, दुसऱ्या गावची, प्रवासी, पर्यटकसुद्धा. धर्माचा रकाना नाही. म्हणजे नियमात बसतं. पण नियमात बसणं आणि खरं असणं एकच का? यावर दोन पानं लिहिली आणि फाडली.

शेवटी ठरवलं की त्यांनाच विचारायचं. त्यांना वापरायचं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

विचारलं. मनोरमाकाकू म्हणाल्या, “म्हणजे आपण दर रविवारी बसतो तसंच बसायचं. फक्त सकाळी लवकर.”

“हो, पण काकू, तो त्यांचा धार्मिक विधी आहे.”

“मग शांतपणे बसू.”

काकांनी एकच विचारलं, “कमीत कमी किती लागतात?” तीस, मी म्हटलं. काकांनी वहीत लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी गेर्लिंगेनच्या मराठी मंडळातल्या एका जुन्या एसटीवाल्याला शोधून काढलं होतं. तिथून बारा ज्येष्ठ येणार. एकतीस.

संध्याकाळी श्रीपाददादांचा फोन. “देवश्री, ई-मेलवर काय चाललंय बघितलंस का? देवळं दाखव म्हटलं, धर्मांतर कर म्हटलं नव्हतं.” कुठल्याशा सुनेच्या माहेरी बातमी पोचली होती की सासूबाई जर्मनीत ख्रिस्ती होत आहेत. दादा अर्धा तास बोलत होते. मग पलीकडे फोन काकूंनी घेतल्याचा आवाज आला. “अहो अध्यक्ष, तुम्ही रविवारी दुपारी दोनपर्यंत झोपता. आम्ही कुठे जाऊन बसायचं ते ठरवा. नाहीतर इथेच सोफ्यावर बसतो, तुमच्या डोक्याशी.”

मग दादा म्हणाले, “किती गाड्या लागतील?”

३ नोव्हेंबर, शुक्रवार

फादर सबास्टियनना भेटले. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते डोकं धरून बसले.

“सगळं गाव समजतं तुम्ही माझे नातेवाईक आहात. मी एकतीस भारतीय दाखवले तर कचेरी म्हणेल, पाद्र्याने आपली माणसं आणून भरली.”

मी म्हटलं, मग खरं काय ते लिहू. “खरं काय आहे?” त्यांनी विचारलं. “तुम्ही येता. बसता. जे खरे ख्रिस्ती आहेत ते येत नाहीत, बसत नाहीत.” ते पुढे काहीतरी मल्याळममध्ये म्हणाले.

एक अट मात्र स्पष्ट सांगितली. मिस्सेत पवित्र भाकर वाटतात, ती बाप्तिस्मा झालेल्यांनाच. आमच्यापैकी कुणीही रांगेत येऊ नये. मी शब्द दिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला विचित्र वाटली. आमची माणसं येणार हे कळल्यापासून गावातले नेहमीचे लोक निर्धास्त झाले आहेत. ‘आता भारतीय येतात ना, मग आपण नाही गेलो तरी चालेल.’ अकरातले पाच उरलेत.

५ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. मी मिस्सेचा तक्ता करून नेला होता: कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, कुठे गुडघे टेकायचे. काका म्हणाले, तक्ता बघत कोण बसणार. ते पहिल्या बाकावर बसतील आणि समोरच्या जर्मन बाईंकडे बघून खुणा करतील. रुमाल वर म्हणजे उठा, रुमाल खाली म्हणजे बसा. गुडघे टेकण्यावर चर्चा होऊन ते सर्वानुमते रद्द झालं.

मग मी भाकरीचं सांगितलं.

“प्रसाद नाकारायचा?” काकू म्हणाल्या.

“काकू, तो प्रसाद नाही.”

“देवापुढे ठेवतात ना?”

“हो.”

“मग वाटतात ना?”

“हो, पण...”

“मग?”

मी फादरांना शब्द दिल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं बाई, तू म्हणतेस तर.” माझा जीव भांड्यात पडला.

१२ नोव्हेंबर, रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

साडेआठला मुलांनी आपापले आईवडील गाडीने आणून सोडले आणि लगेच परत गेले. कडाक्याची थंडी. गेर्लिंगेनची बारा माणसं माकडटोप्या घालून आली. काकांनी मोजली, एकतीस. गावातले पाच जण मागच्या बाकांवर आधीच बसले होते. मोजायला हेर फिंक, निवृत्त पोस्टमन, हातात पाटी आणि कागद. ते फार गंभीर होते. मी कार्यक्रमाची आयोजक, मी आकड्यात येणं योग्य नाही, म्हणून मी दाराबाहेर, पायरीवर बुटांशेजारी उभी राहिले.

मिस्सा सुरू झाली. रुमाल वर, एकतीस माणसं वर. रुमाल खाली, खाली. एकदा काकांना शिंक आली आणि रुमाल नाकाला गेला, तेव्हा सगळे अर्धवट उठून तसेच थांबले. बाकी सगळं मला वाटलं त्याहून सुंदर चाललं होतं.

मग भाकर वाटायची वेळ आली. गावातले पाच जण रांगेत गेले, घेतली, परत आले. फादर वळणार, तेवढ्यात मनोरमाकाकू उठल्या. रुमाल वर नसताना. डाव्या हातावर उजवा हात ठेवून, डोक्यावरून पदर घेऊन निघाल्या. त्यांच्यामागे शोभनामावशी. त्यांच्यामागे सगळेच. देवाच्या दारातून प्रसाद न घेता जाणं त्यांच्या पायांना येत नव्हतं.

फादरांच्या चेहऱ्यावर घाम दिसला मला, दारातून. त्यांनी भाकरीचं पात्र बाजूला ठेवलं आणि काकूंच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वादाचा. इथवर ठीक होतं. पण कुणी डोक्यावर हात ठेवला की पुढे काय करायचं हे काकूंना ठाऊक आहे. त्या वाकल्या आणि त्यांनी फादरांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. मग मावशींनी. मग एकेकाने. एकतीस नमस्कार. फादर आधी “नको, नको” म्हणत होते. अकराव्यानंतर बोलणं थांबलं. विसाव्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसू लागले आणि हात मात्र मागे तसाच धरून ठेवला, येईल त्या डोक्यावर.

नेमकी हीच वेळ हेर फिंक यांनी मोजायला निवडली होती. वाकलेली डोकी बाकांआड जात होती. पहिल्या वेळी एकोणतीस आले, दुसऱ्यांदा चौतीस, तिसऱ्यांदा बावीस. त्यांनी फादरांकडे पाहिलं, फादर भिंतीकडे पाहत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी आकड्यात नव्हते.

प्रतापकाका उठले. त्यांनी हेर फिंक यांच्या हातातली पाटी घेतली नाही, नम्रपणे फक्त पेन्सिल घेतली, आणि मराठीत म्हणाले, “सगळे जागेवर. नंबर म्हणा.”

“एक.” “दोन.” “तीन.” आठशे वर्षांच्या त्या छताखाली आकडे वर जाऊन परत येत होते. एकतीस झाल्यावर काकांनी मागच्या पाच जर्मन लोकांकडे पेन्सिल दाखवली. त्यांनी विनातक्रार जर्मनमध्ये पुढे मोजलं. छत्तीस. मग काकांनी पेन्सिल फ्राऊ श्पेटकडे वळवली. त्या मेणबत्त्यांपाशी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली: मी काम करते, मला मोजत नाहीत. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही मोजलेलं नाही.

काकांना जर्मन येत नाही. पेन्सिल तशीच धरून ते थांबले.

“जीबनउन्डड्राइसिश,” फ्राऊ श्पेट म्हणाल्या. सदतीस. आणि ॲप्रन नीट केला.

मग पेन्सिल दाराकडे आली. मी म्हटलं, काका, मी मोजण्यात नाही, मी आयोजक आहे. काका म्हणाले, “गाडीत आहेस ना?”

“आहे.”

“मग कंडक्टरलासुद्धा धरतात. नंबर?”

अडतीस.

हेर फिंक यांनी पेन्सिल परत घेऊन आकडा लिहिला आणि खाली सही केली. मी बूट काढून आत गेले. जागा काकूंशेजारी होती. बाक खालून गरम होता.

३० नोव्हेंबर, गुरुवार

फ्रांकफुर्टच्या विमानतळावर शेवटची तुकडी सोडून आले. काकूंनी फ्राऊ श्पेटसाठी स्वतःची शाल दिली आहे. मला म्हणाल्या, “तू एकटी जेवतेस तेव्हा पुस्तक वाचतेस का गं? वाचू नकोस. अंगी लागत नाही.” मी म्हटलं, एकटी राहण्याचा मला काहीच त्रास नाही, उलट खूप वाचन होतं. त्यांनी बराच वेळ माझा दंड धरून ठेवला. विमानाला उशीर होईल याची मला काळजी वाटत होती.

११ डिसेंबर, सोमवार

कचेरीचं पत्र आलं आहे. फादरांना, आणि प्रत मला, कारण फॉर्मवर त्यांनी माझा फोन आणि पत्ता दिला होता. उपस्थितीत दोनशे पंचेचाळीस टक्के वाढ. संपूर्ण विभागात इतकी वाढ कुठेही नाही. ‘ग्राफेनवाइल येथील चैतन्यशील भारतीय समुदाय’ लक्षात घेऊन ओटिलियाचं चर्च मार्चच्या मोजणीपर्यंत उघडं ठेवण्यात येत आहे. समुदायाची संपर्क व्यक्ती म्हणून माझी नेमणूक झाली आहे.

फ्राऊ श्पेटना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, “मग मी आता जिना पुसते,” आणि फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण समुदाय तर विमानात बसून गेला. मी एका नसलेल्या समुदायाची संपर्क व्यक्ती आहे.

१३ डिसेंबर, बुधवार

कचेरीला खरं लिहिलं. अडतीसपैकी बत्तीस हिंदू होते, त्यांत मी एक. बाकी एकतीस जण व्हिसा संपून परत गेले. त्यांना मिस्सेचा अर्थ कळला नव्हता, ते बसायला आले होते. मोजणी रद्द करायची असल्यास तो दोष माझा, फ्राऊ श्पेट किंवा फादर यांचा नाही. पोस्टात टाकल्यावर पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं. हात जात नाही.

फ्राऊ श्पेटना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. सगळंच उतरवते, लहान आहे:

‘आपल्या प्रामाणिक पत्राबद्दल आभार. मोजणीत श्रद्धा, समज किंवा हेतू यांची नोंद होत नाही. उपस्थितीची होते. आपण कळवलेली माहिती आकड्यावर परिणाम करत नाही. ४ मार्चच्या मोजणीसाठी समुदायाला शुभेच्छा.’

तीन वेळा वाचलं. कुणीतरी रागवायला हवं होतं असं वाटत राहिलं.

७ जानेवारी २००७, रविवार

आता दर रविवारी जाते. संपर्क व्यक्ती म्हणून जाणं भाग आहे. गावातले चार जण (पाचव्या आजी मुलीकडे हॅम्बर्गला गेल्या), फ्राऊ श्पेट आणि मी. फ्राऊ श्पेट आता पूर्ण चर्च तापवत नाहीत, फक्त आमचा एक बाक. त्यामुळे सहाही जण त्याच बाकावर बसतो, खांद्याला खांदा लावून. मिस्सा झाल्यावर कॉफी. मग त्या विचारतात, आठवडाभर काय केलंस. मग दुपारची बस येईपर्यंत मी सांगत बसते. हे सगळं मार्चसाठी.

मंडळात विचारलं, मार्चमध्ये कुणाचे आईवडील येणार आहेत का. स्नेहलताताई म्हणाल्या, “मार्चात कोण बोलावतं गं, थंडीत? मे महिन्यात येतील.” मोजणी मार्चमध्ये आहे.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, तू येतेस का फेब्रुवारीत. तिने आयुष्यात इचलकरंजीच्या बाहेर मिरजेपर्यंत प्रवास केला आहे.

“मी काय करायचं तिथं येऊन?”

“बसायचं.”

“नुसतं?”

“नुसतं. शेजारी.”

मागे शेजारच्या मागाचा खडखडाट ऐकू येत होता. मग आई म्हणाली, “किती दिवस रडतीयास?”

मी रडत नव्हते. सर्दी झाली आहे, आणि तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बाबांना विचारून पासपोर्टाचं बघते.

एका माणसाने तीसचा आकडा होणार नाही हे मला कळतं. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

१८ जानेवारी, गुरुवार

परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन आईच्या निमंत्रणाचा फॉर्म भरला. पगाराच्या स्लिपा, घराचा करार, सगळं नीट लावून नेलं होतं. ‘भेटीचा हेतू’ या ओळीपाशी मी थांबले. खोटं लिहायचं नाही हे ठरलेलंच होतं. मी लिहिलं: ‘४ मार्च रोजी ग्राफेनवाइल येथील संत ओटिलियाच्या चर्चमध्ये उपस्थित राहणे.’

काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं. आईचं वय पाहिलं, माझं वय पाहिलं, मी इथे एकटी राहते तो रकाना पाहिला. मग पट्टी ठेवून माझी ओळ सरळ रेघेने खोडली आणि वर लहान अक्षरात लिहिलं: मुलीला भेटणे.

मी त्यांना सांगितलं की ते मूळ कारण नाही.

“गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.